न खाता वाढलेलं वजन

शाहूपुरीत कुतुबुद्दीन शिकलगाराच्या दुकानात कात्रीला धार लावायला गेलात, की कात्री हातात पडायच्या आधी त्याच्या पोरीची सगळी माहिती मिळायची. तुम्ही मागितली नसली तरी. शिंपी असो, सलूनवाला असो, विळा घेऊन आलेली बाई असो, कुणाचीच सुटका नव्हती. चाकावर पातं टेकवलं की ठिणग्या उडायच्या, आणि चाकाच्या आवाजावर आवाज चढवून कुतुबुद्दीन सांगायचा की आमची आफशीन पन्नास किलोत खेळते, सांगलीच्या पोरीला तिनं ढाक डाव लावून आभाळ दाखवलं, आणि आता जिल्ह्यातनं एकच पोरगी राज्याला जाणार आहे, तर ती कोण हे पावणं तुम्हीच ओळखा. गिऱ्हाइकंही शहाणी झाली होती. ज्याला घाई असेल तो पायरी चढतानाच विचारायचा, "काय म्हणतीया पैलवानीण?" म्हणजे निदान बोलणं आणि काम बरोबरीनं सुरू व्हायचं.

त्याचा हा अभिमान पोकळ नव्हता. तरुणपणी तो स्वतः लाल मातीत लोळलेला गडी. गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, पण कुस्तीचं वेड काही सुटलं नाही. पदरात एकच लेक. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिला तालमीत घातली, तेव्हा नात्यागोत्यात बरीच नाकं मुरडली गेली. पोरीच्या जातीला हे कशाला, असं एका पाहुण्यानं दुकानात येऊन ऐकवलं. कुतुबुद्दीननं चाक थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "नाकाला धार लावून देऊ का?" त्यानंतर त्या पाहुण्याला कात्री कधी लागलीच नाही म्हणतात.

तालीम हंबीररावांची. हंबीरराव आणि कुतुबुद्दीन एकाच वस्तादाच्या हाताखाली वाढलेले, एकमेकांची माती खाल्लेले. हंबीररावांची मुलगी स्वप्नाली आणि आफशीन एकाच वयाच्या, एकाच गटातल्या. सराव दोघींचा एकमेकींशी, मैत्री दोघींची एकमेकींशी, आणि आता जिल्ह्याच्या एका जागेसाठी भांडणही दोघींचंच. रोज सकाळी एकमेकींना आपटायच्या आणि मग खांद्यावर हात टाकून घरी जायच्या.

सराव संपला की बदाम-खसखस वाटून केलेली थंडाई यायची, आणि ती एका मोठ्या पितळी तांब्यातनं सगळे प्यायचे. तांब्या तोंडाला लावायचा, मनगटानं काठ पुसायचा आणि शेजाऱ्याच्या हातात द्यायचा. पिणारा कुणाचा, कुठल्या गल्लीतला, कुठल्या धर्माचा, हे तांब्या विचारत नाही, असं हंबीरराव मोठ्या तोऱ्यात सांगायचे. वेगळा पेला मागणारा गडी आपल्यातला नव्हे, हा तिथला कायदाच होता. कुतुबुद्दीनला त्या तांब्याचं पोरीच्या पदकांइतकंच कौतुक होतं, कारण त्यानं बाहेरची दुनिया पाहिली होती आणि तिथं प्रत्येकाचा पेला निराळा असतो हे त्याला पुरतं माहीत होतं.

निवड चाचणी इचलकरंजीत व्हायची होती आणि ती तोंडावर आली होती. आफशीन पन्नासाच्या जरा वर होती, स्वप्नालीही. दोघींचं खाणं तोडलेलं, पाणी मोजूनमापून. अशात एका सकाळी आफशीनच्या पोटात मुरडा उठला. दुपारपर्यंत आव पडायला लागली आणि आवेबरोबर रक्त. पोरगी घाबरली, पण सांगितलं कुणालाच नाही. आजारी पडली म्हटलं की वस्ताद घरी बसवणार, आणि घरी बसलं की चाचणी गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिनं हिशेब केला. फक्त स्वप्नालीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती काट्यावर उभी राहिली, तर काटा पन्नासाच्या खाली. फुकटात वजन उतरलं म्हणून दोघी खिदळल्या. जुलाब बंद व्हायच्या गोळ्या आफशीननं मेडिकलमधनं स्वतःच आणल्या आणि गिळल्या.

हे सगळं कुतुबुद्दीनला मागाहून कळलं. त्या दिवसांत त्याला एवढंच दिसलं की पोरीचं वजन उतरलं, आणि तिच्या जिद्दीचं गुणगान त्यानं दुकानात बसून केलं. माणसाला जे बघायचं असतं तेच दिसतं, त्यातलाच प्रकार.

पुढं जुलाब थांबले. सगळं निस्तरलं असं आफशीनला वाटलं. आणि मग एक चमत्कार झाला. पोरगी धड खात नव्हती, दोन घासांवर पोट भरलं म्हणून ताटावरनं उठत होती, आणि काटा मात्र वर चढायला लागला. हंबीरराव काट्याकडं बघून भडकले. चोरून खातेस, वडापाव हाणतेस, मला येड्यात काढतेस, असं सगळ्या पोरींसमोर तिला बोलले. आफशीननं मान खाली घातली आणि होतं ते पाणीही तोडलं. लघवी कमी झाली होती हे तिला कळत होतं, पण पाणी तोडलेल्या पैलवानाला लघवी कमीच होते, हे तालमीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं त्यात तिला काही वावगं वाटलं नाही.

वस्ताद चिडले तर बाप खूश. कुतुबुद्दीनची छाती इंचभर फुगली. अफसाना, म्हणजे त्याची बायको, जेवण वाढताना म्हणाली की पोरीचं तोंड सुजल्यागत दिसतंय आणि ओठ पांढरे पडलेत. त्यानं तिला उडवूनच लावलं. अंग भरतंय तिचं, नजर लावू नकोस. शिकलगाराचं हाड आहे, दोन दिवसांत भरून येतं. दुसऱ्याच दिवशी दुकानात त्यानं हेच चार जणांना सांगितलं, आणि एका शिंप्यानं तर त्याला मान डोलावून दादही दिली.

बापलेकीचा एक खेळ होता. संध्याकाळी दुकान बंद करून तो घरी आला की तिचं मनगट घट्ट धरायचा, आणि तिनं ते हिसडा मारून सोडवायचं. लहानपणी तिला जमायचं नाही, तेव्हा रडायची. अलीकडं तिचं मनगट धरून ठेवताना कुतुबुद्दीनच्या कपाळावर घाम यायचा, आणि हरल्यावर तो अख्ख्या घराला ऐकू जाईल असा हसायचा.

त्या संध्याकाळी त्यानं मनगट धरलं आणि तिनं ते सोडवलंच नाही. नुसती उभी राहिली. नाटक करतेस का म्हणून त्यानं हात सोडला आणि खाली बघितलं. त्याची बोटं जिथं होती तिथं खड्डे पडले होते. ओल्या कणकेत बोट रुतावं तसे. तो बघत राहिला, खड्डे भरून येईनात. वर कोपराकडं लालजांभळे बारीक ठिपके उठले होते, मुंग्या चावल्यासारखे.

आयुष्यभर त्यानं अंगं बघितली होती. कमावलेलं अंग दाबलं की उसळी मारून वर येतं. हे आलं नाही.

"अफसाना," तो म्हणाला, "ह्ये अंग न्हवं. ह्ये पाणी हाय."

अफसानानं पोरीला आत नेलं आणि जे बापाला विचारता येत नाही ते विचारलं. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. कालपासून पोरीला लघवीच झालेली नव्हती. कुतुबुद्दीननं चपलासुद्धा घातल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी होती, तिच्यात दोघींना बसवलं आणि स्वतः रिक्षावाल्याच्या शेजारी चिकटून बसला.

मोठ्या दवाखान्यात आफशीनला लगेच आत घेतलं. रक्त तपासलं, शौच तपासायला पाठवलं, आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टर संयोगिता आल्या. आवाज खणखणीत, बोलणं सरळ. त्यांनी आफशीनला एकेक विचारलं आणि आता मात्र पोरीनं मुरड्यापासून गोळ्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं. कुतुबुद्दीन ऐकत होता. रक्त हा शब्द ऐकल्यावर त्यानं खुर्चीचा हात धरला. आपल्या घरात, आपल्या नाकासमोर, पोरीच्या पोटातनं रक्त गेलं आणि आपण दुकानात तिची वजनं सांगत बसलो, याची त्याला स्वतःचीच चीड आली.

तपासण्या हाती आल्यावर डॉक्टरांनी नवराबायकोला समोर बसवलं. आजार रक्ती आवेचा, म्हणाल्या. त्या आवेच्या जंतूची एक जात फार वाईट, हल्ली कमी दिसते, पण संपलेली नाही. शौचात तीच सापडली होती.

"मग जंतू मारा की बाई," कुतुबुद्दीन म्हणाला.

"औषध सुरू केलंय, जंतू मरेल. पण मरायच्या आधी त्यानं विष सोडलंय, आणि ते विष आतड्यातनं रक्तात गेलंय."

मग त्यांनी समजावलं. ते विष शरीरातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला चिकटतं, पेशीच्या आत शिरतं आणि पेशीचं काम बंद पाडतं. पेशीला जगायला जी प्रथिनं लागतात ती पेशी स्वतःच बनवत असते. तेवढं बनवणंच विष थांबवतं, आणि पेशी मरते. अस्तर सोलून निघतं. शरीराला वाटतं, इथं जखम झाली. मग रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी तिथं धावतात, गर्दी करतात, आणि केसाएवढी वाट तुंबते. त्या तुंबलेल्या वाटेतनं तांबड्या पेशी रेटून जाताना फाटतात, म्हणून पोरगी पांढरीफटक पडली. गोठवणाऱ्या पेशी तिकडंच खर्ची पडल्या, म्हणून अंगावर ठिपके उठले. आणि अशा केसाएवढ्या वाहिन्यांची सगळ्यात दाट जाळी असते मूत्रपिंडात. रक्त गाळायची जागाच बंद, म्हणून लघवी बंद, आणि आत आलेलं पाणी आतच.

"जुलाब थांबले म्हणून ती बरी झाली असं तुम्हाला वाटलं," डॉक्टर म्हणाल्या. "हा आजार तिथंच फसवतो. पोट शांत होतं आणि विष पुढं कामाला लागतं. त्यात त्या गोळ्यांनी आतडं गप्प बसवलं, घाण आत साठली. आणि पाणी तोडलं ते वेगळंच."

कुतुबुद्दीननं उतारा विचारला. विषाला उतारा असतो एवढं त्याला माहीत होतं. या विषाला तो नव्हता. जिथं चिकटायचं तिथं ते चिकटलं होतं. आता मूत्रपिंड आपण होऊन उभं राहीपर्यंत त्याचं काम मशीननं करायचं, लागेल तसं रक्त द्यायचं, आणि वाट बघायची.

"उभं ऱ्हाईल न्हवं?" अफसानानं विचारलं.

"बहुतेकांचं राहतं," डॉक्टर म्हणाल्या. "सगळ्यांचं नाही. खोटं सांगणार नाही."

हा जंतू एकाकडनं दुसऱ्याकडं कसा जातो तेही त्यांनी सांगितलं. नीट न धुतलेला हात, त्या हाताचा पेला, त्या पेल्यातलं पाणी, कणभर पुरतो. तांब्याची हकिगत कळल्यावर त्यांनी तालमीत आणखी कुणाला होतंय का ते विचारलं आणि हंबीररावांना लगेच फोन लावला. कडाडलेलं उत्तर पलीकडच्या खुर्चीपर्यंत ऐकू आलं. सगळ्या पोरी ठणठणीत आहेत, आमच्या तालमीत आजारीबिजारी कुणी नसतं.

आफशीनच्या मानेत नळी घातली आणि मशीन सुरू झालं. कुतुबुद्दीनला ते बघवत नव्हतं आणि तिथनं हलवतही नव्हतं. ज्या मानेच्या जोरावर तिनं पोरी चीत केल्या त्या मानेला चिकटपट्ट्या. पोरगी मात्र रडली नाही. सुई टोचताना सिस्टरला म्हणाली, घाई करू नका, मी कुठं पळत नाही. हे वाक्य त्यानं त्या दिवशी वॉर्डमधल्या प्रत्येक माणसाला सांगितलं. त्याच्या अभिमानाला मेली जागा-वेळ कळत नव्हती.

चाचणी जवळ आली तशी पोरगी अस्वस्थ झाली. बापाला वाटलं, जागा गेली म्हणून हळहळतेय. जागा काय, पुढच्या वर्षी परत येईल, असं तो समजावायला लागला. तिनं मान हलवली. अफसाना खाली चहाला गेल्याचं बघून तिनं त्याला जवळ बोलावलं.

"अब्बा, स्वप्नालीलाबी लागलंय. मला दवाखान्यात आणलं त्या दिवशीपास्नं. रक्त पडतंय म्हणत हुती फोनवर. कुणाला सांगू नगंस म्हणून शपथ घातलीया तिनं."

कुतुबुद्दीन म्हणाला, डॉक्टरीणबाईंना सांगतो, त्या परत फोन करतील. त्यावर आफशीन म्हणाली की फोनचा काय उपयोग, स्वप्नाली वस्तादांनाच खोटं सांगतेय, आणि चाचणीसाठी पाणीही तोडून बसलीय. तुम्हालाच जावं लागेल.

जाऊन काय सांगायचं? आपली पोर पडली, तर दुसऱ्याचीही पाडायला आला, असं सगळं कोल्हापूर म्हणेल. आयुष्यात तो कुस्त्या हरला होता, पण जळका म्हणून त्याच्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्यानं ते बोलूनही दाखवलं. लोक काय म्हणतील, याचा पाढा वाचला.

आफशीनला बोलताना धाप लागत होती. तरी तिनं वाक्य पुरं केलं.

"म्हणू द्यात की. स्वप्नालीला मी पाडणार हाय, अब्बा. पर मॅटवर. दवाखान्यात न्हाय."

कुतुबुद्दीन उठला. पोरगी आपल्यापेक्षा उंच झाली की बापाला कसं वाटतं, ते त्याला तेव्हा कळलं.

तालमीत सकाळचा सराव संपत आला होता. स्वप्नाली अंगात प्लॅस्टिकचं जाकीट घालून गोल गोल पळत होती, घाम काढायला. हंबीरराव कट्ट्यावर बसलेले. थंडाईचा तांब्या निघाला होता आणि पहिल्या पोरीच्या हातात पोचला होता. कुतुबुद्दीन आत शिरला तो थेट तिच्याकडं गेला आणि तांब्या काढून घेऊन खाली ठेवला. त्या तालमीत त्या तांब्याला असं कुणी अडवलेलं कुणालाच आठवत नव्हतं.

हंबीररावांनी पोरीची चौकशी केली. कुतुबुद्दीननं थोडक्यात सांगितलं आणि मग ज्यासाठी आला होता ते बोलला. स्वप्नालीला दवाखान्यात ने. आजच. आत्ताच.

हंबीररावांचा चेहरा बदलला. परवा चाचणी आहे हे त्यांनी सुनावलं. माझी पोर घोड्यासारखी पळतेय हे दिसत नाही का, म्हणाले. मग जे कुतुबुद्दीनला वाटलं होतं तेच तोंडातनं आलं.

"जळतोस व्हय रं, कुतुब?"

पोरी खाली बघायला लागल्या. एरवी कुतुबुद्दीननं कट्ट्यावरनं ओढून त्यांना मातीत घातलं असतं. पण त्यानं तो घोट गिळला.

"काय बी म्हण. एकच इचारतो. तुझ्या पोरीला लघवी कवा झालती?"

हे असलं बापानं बापाला, तेही चारचौघांत, विचारायचं नसतं. हंबीरराव कट्ट्यावरनं उतरले. तोंड सांभाळ, एवढंच म्हणाले, पण त्यांच्या मुठी वळल्या होत्या.

कुतुबुद्दीन हलला नाही.

"मी गिऱ्हाइकाला सगळं सांगत हुतो, हंबीर. ढाक, पट, कलाजंग, कुणाला किती गुणांनी पाडलं. पर पोरीच्या अंगातलं पाणी भाईर पडतंय का न्हाय, त्येवढं मला ठावं नव्हतं. ती फुगत गेली नि मी वजन वाढलं म्हणून मिरवत हुतो. तू काट्याकडं बघून शिव्या दिल्यास, मी काट्याकडं बघून छाती फुगवली. आपुन दोघंबी काट्याकडंच बघत हुतो. तुला ठावं हाय का तुझ्या पोरीचं? असलं तर सांग, मी जातो."

हंबीरराव पोरीकडं वळले. पळणाऱ्या पावलांचा आवाज बंद झाला. स्वप्नाली भिंतीला हात लावून उभी होती. जाकिटाच्या आत ती थरथरत होती.

"बाबा," ती म्हणाली, "रक्त पडतंय."

पुढचं फार वेळ चाललं नाही. हंबीररावांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि दारात पोचेपर्यंत कुतुबुद्दीननं रिक्षा उभी केली. अंगातलं पाणी आटून स्वप्नाली पार कोरडी पडली होती, पण अजून मूत्रपिंड शाबूत होतं. डॉक्टर संयोगितांनी तिला दाखल करून सलाईन लावलं, जंतूवरचं बरोबर औषध दिलं, आणि रोज रक्त तपासायचं ठरवलं. चाचणीसाठी अजून दोन दिवस कोरडी राहिली असती तर शेजारच्या खाटेवर दुसरं मशीन लावावं लागलं असतं, असं त्या हंबीररावांना तोंडावर म्हणाल्या. तालमीतल्या बाकी सगळ्यांची तपासणी झाली, आणखी दोघींना औषध सुरू करावं लागलं.

चाचणी झाली. जयसिंगपूरची एक पोरगी राज्याला गेली. पहिल्यांदाच हंबीररावांच्या तालमीचं कुणी राज्याला जाणाऱ्या गाडीत नव्हतं, आणि त्या दिवशी हंबीरराव दवाखान्याच्या बाकावर कुतुबुद्दीनच्या शेजारी बसले होते. हंबीरराव म्हणाले की चोरून खातेस असं मी तिला बोललो, म्हणून तिनं पाणी तोडलं. कुतुबुद्दीन म्हणाला की तू बोललास ते तिनं ऐकलं, तिची आई बोलली ते मी ऐकलं नाही, तेव्हा आपण बरोबरीत सुटलो. त्या तांब्याचं आता काय करायचं, हेही हंबीररावांनी विचारलं. डॉक्टर तिथनं जाताना ते ऐकून थांबल्या. एकत्र प्या हो, म्हणाल्या, एकोप्याला माझं काही म्हणणं नाही, तुमच्या हातांबद्दल आहे. मग ठरलं की थंडाई एकाच तांब्यातली, पेला ज्याचा त्याला, आणि साबणानं हात धुतल्याशिवाय वस्तादालाही थेंब मिळणार नाही. सगळ्यांचेच पेले निराळे म्हटल्यावर कुणीच निराळं राहत नाही, हे कुतुबुद्दीनच्याच डोक्यातनं निघालं, आणि त्यावर तो भलताच खूश झाला.

पण आफशीनचं मूत्रपिंड काही जागं होत नव्हतं. मशीन चालायचं, रक्त साफ व्हायचं, ती थोडी तरतरी दाखवायची आणि परत मलूल पडायची. खाटेच्या कडेला अडकवलेल्या लघवीच्या पिशवीकडं कुतुबुद्दीन एकटक बघायचा. एवढ्या आशेनं त्यानं पदकांकडंही कधी बघितलं नव्हतं. पिशवी कोरडी. अफसाना नमाज पढायची, स्वप्नालीची आई अंबाबाईला ओटी बोलून आली, आणि पिशवी कोरडीच.

आणि एके दिवशी दुपारी सिस्टरनं हाक मारली. पिशवीच्या तळाशी, काळ्या चहाच्या रंगाची, वाटीभर सुद्धा नाही एवढी लघवी होती.

बस्स. त्यानंतर त्या माणसाला कुणी आवरू शकलं नाही. सिस्टरला सांगितलं, जिनं त्याला सांगितलं होतं. लिफ्टवाल्याला सांगितलं. गेटवरच्या वॉचमनला, चहाच्या गाड्यावरच्या अनोळखी पावण्याला, दुकानाशेजारच्या शिंप्याला फोन करून. "माझ्या पोरीला लघवी झाली," असं छाती पुढं काढून सांगणारा बाप त्या गेटवरच्या मंडळींनी पहिल्यांदाच पाहिला असेल. चहावाल्यानं काही न समजता अभिनंदन केलं.

डॉक्टर संयोगितांनी त्याला थोपवलं. सुरुवात आहे, म्हणाल्या, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी पिशवीत जास्त होती, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त, आणि रंग फिकट होत चालला होता. मग त्या स्वतः आल्या. मूत्रपिंडं कामाला लागली आहेत, म्हणाल्या. मशीन थांबवून बघू. रक्तदाब आणि लघवी पुढं कितीतरी वर्षं तपासत राहावं लागेल, त्यात कुचराई चालणार नाही. पण पोरगी जिंकली.

कुतुबुद्दीन खाटेशी गेला. तोंडावरची सूज उतरली होती. हाडं वर आली होती, गाल आत गेले होते, आणि इतकी हडकुळी पोरगी त्याला कधी इतकी देखणी दिसली नव्हती. तिनं डोळे उघडले. कालपासून किती झाली ते त्यानं तिला सांगितलं, मोजपात्रावरच्या खुणेसकट, राज्याचं सुवर्णपदक आणल्यागत.

आफशीननं ऐकून घेतलं. ओठ कोरडे होते, ते तिनं ओले केले.

"स्वप्नालीला किती झाली?"

कुतुबुद्दीनला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो वळून तरातरा चालत निघाला. स्वप्नालीला अजून देखरेखीखाली ठेवलं होतं, तिचा वॉर्ड त्याच मजल्यावर होता. हंबीरराव दारातच होते. काय विचारायचंय ते ऐकून त्यांनीही गंभीर चेहऱ्यानं आत जाऊन सिस्टरला विचारलं, आणि येऊन आकडा सांगितला.

कुतुबुद्दीन परत आला. खोटं सांगावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं, पण ही पोरगी खोटं ऐकून घेणारी नव्हती.

"तिला जास्त झालीया," तो म्हणाला.

आफशीननं डोळे मिटले. उशीवर डोकं नीट टेकवलं आणि हात पोटावर ठेवले.

"आज झाली आसंल," ती म्हणाली. "उद्या बघतो की तिच्याकडं."